सगळंच ऐकणारा रेकॉर्डर

मु. पो. पूर्णा, जि. परभणी

आदरणीय जावईबापू सिद्धोधनराव यांना तात्याराव वाव्हळे यांचा सप्रेम जय भीम.

पत्र लिहिण्यास कारण की, राग आलेला आहे. परंतु आधी खुशाली. आम्ही उभयता इकडे ठीक आहोत. माझं बीपी सोडलं तर घरात सगळ्यांची तब्येत उत्तम आहे, आणि माझ्या बीपीबद्दल पुढे येईलच. चि. सुकेशनीची कंबर दुखायची थांबली का ते कळवावं. तुमच्या कंपनीत कामाचा ताण लय असतो असं ती सांगत होती, तरी वेळेवर जेवत जावं. (हे मनापासून लिहिलं आहे. खालचंही मनापासूनच आहे.) तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. त्याचं असं आहे, की फोनवर तुमचा आवाज आला की माझ्या तोंडून आपोआप ‘बरं बरं, तुम्ही म्हणाल तसं’ निघतं. जावयावर आवाज चढवायची आपल्यात रीत नाही. कागदावर आवाज चढला तरी शेजारी ऐकू जात नाही, म्हणून कागद.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाल्यावर माझ्या बरोबरीचे लोक गुडघ्यांच्या मागे लागले आणि मी श्रुतिकांच्या, हे तुम्हाला माहीतच आहे. यंदा परभणीला हौशी मंडळींचा श्रुतिका-मेळावा ठरला, तेव्हा मी ‘निरोप’ लिहिली. नवरीचा बस्ता बांधला जातो, लग्न लागतं, स्टेशनवर गाडी येते, बाप-लेकीचा निरोप होतो, संपलं. मात्र आवाज सगळे अस्सल पाहिजेत ही माझी अट होती. मोबाईलवर करून पाहिलं तर इंजिनाची शिट्टी कोणती आणि आमच्या कुकरची कोणती हे मलाच ओळखू येईना. म्हणून तुम्हाला एक साधा प्रश्न विचारला, की हातात धरून हिंडता येईल असा रेकॉर्डर कोणता घ्यावा. जावईबापू, प्रश्न विचारला तेव्हा माझे जेवढे केस काळे होते, तेवढे उत्तर येईपर्यंत राहिले नाहीत.

माझी अपेक्षा काय, तर एक लाल बटण असावं. दाबलं की चालू, दाबलं की बंद. तुम्ही उलट मलाच विचारलं की स्टिरिओ पाहिजे का मोनो. मी म्हणालो, चांगला पाहिजे. मग तुम्ही विचारलं की माइक एकमेकांवर फुली मारलेले पाहिजेत का फाकलेले, बाहेरचा माइक जोडायला भोकं किती पाहिजेत, आणि तिकडे वारं कसं असतं. (वैशाखात पूर्णेला वारं कसं असतं हे तुमच्याच लग्नात मांडव उडाला तेव्हा तुम्ही बाशिंग धरून पाहिलेलं आहे.) त्यानंतर व्हिडिओ यायला लागले. त्यातला तो दाढीवाला तरुण नुसतं खोकं फोडायला इतका वेळ घेतो, की तेवढ्यात आम्ही पार्सलचा आख्खा डबा रिकामा करायचो. मग रेकॉर्डर उलटा करतो, सुलटा करतो, त्यात टेस्ट टेस्ट म्हणतो, आणि शेवटी हसून सांगतो की कोणता घ्यायचा हे तुमच्या गरजेवर अवलंबून आहे. माझी गरज मला माहीतच होती. रेकॉर्डर माहीत नव्हता.

एखादा नक्की झाला असं वाटावं, की तुमचा फोन. थांबा मामा, त्याची बॅटरी लवकर उतरते. थांबा मामा, शांत जागी त्याचा स्वतःचाच सूं असा आवाज येतो. थांबा मामा, नवीन मॉडेल येऊ घातलंय. लेकीसाठी मुलगा पसंत करताना आम्ही एवढी चौकशी केली नव्हती. (केली असती तर बरं झालं असतं, असं मी म्हणत नाही. तसं परवा सुकेशनीची आई, कुसुम म्हणाली.) शेवटी जो पाठवला त्याची थोरवी तुम्ही अशी सांगितली, की यात बत्तीस बिट फ्लोट आहे, म्हणजे आवाजाची पातळी लावायची भानगडच नाही. कुजबुज असो का भोंगा, तो सगळं नीट टिपतो, काहीच सोडत नाही. मी खुश झालो. काहीच न सोडणारं एक माणूस घरात आधीच आहे, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

पहिला प्रयोग वालूरच्या बाजारात केला, कारण बस्त्याच्या प्रसंगाला मागे बाजार पाहिजे होता. सोबत माणिकराव होते. (आमच्या मंडळात बापाची कामं तेच करतात. रेल्वेचं इंजिन चालवायचे, आणि आवाज असा की इंजिनाला शिट्टीची गरज पडली नसेल.) वारं लागू नये म्हणून तुम्ही दिलेली केसाळ टोपी रेकॉर्डरला घातली आणि तिथंच घात झाला. टोपी घातलेला रेकॉर्डर हुबेहूब चॅनलवाल्यांच्या माइकसारखा दिसतो. मी कांद्याच्या ढिगापाशी हात लांब करून गप उभा राहिलो, तर एक बाई पुढे आली, पदर सारखा केला आणि त्यांच्या गल्लीत नळ कसा येत नाही ते सांगू लागली. मला बोलता येईना, कारण माझाच आवाज आत गेला असता. म्हणून मी मानेनं नाही नाही करत राहिलो. तिला वाटलं मी हळहळतोय. तिला आणखी भरून आलं.

तिच्यामागे रांग लागली. एक जण जीपवाले टपावर माणसं बसवतात म्हणून सांगून गेला, तर त्याच्यामागे जीपवालाच उभा, आपली बाजू मांडायला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपली कुणाबद्दल काहीच तक्रार नाही हे सांगायला सगळ्यांत जास्त वेळ घेतला. शेवटी माणिकरावांनी आपल्या इंजिनी आवाजात जाहीर केलं की आमी चॅनलवाले न्हाई, नाटकवाले हाव. त्याबरोबर गर्दी दुप्पट झाली, कारण नाटक कधी हाय आणि तमाशातल्यासारख्या बाया हायत का, हे लोकांना विचारायचं होतं. कांदेवाल्यानं गिऱ्हाईक अडवलं म्हणून आमच्यावरच तक्रार केली, तीही माइकमध्ये वाकून. आम्ही मिळेल त्या जीपनं पळ काढला (टपावर बसून). घरी येऊन ऐकलं तर नुसता बाजार म्हणावा असा जो तुकडा हाती लागला, तो म्हणजे कुणाचा तरी खोकला.

मग संवाद आमच्या पुढच्या खोलीत रेकॉर्ड करायचे ठरले. तुमचं मशीन भिंतीतली पालसुद्धा ऐकतं, म्हणून खिडक्यांना गोधड्या टांगल्या, पंखा बंद, फ्रिज बंद. (दूध नासलं. त्यावर जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.) ऐन उन्हाळ्यात त्या खोलीत सत्यशीलाबाईंनी, म्हणजे ज्या एरवी शाळेत शिकवतात आणि आमच्याकडे नवरी होतात त्यांनी, गाडीच्या दारात उभं राहून बापाला उद्देशून करायचं दोन पानी भाषण केलं. त्यात अंगण होतं, आपल्यात तुळस नसते म्हणून पिंपळ होता, बालपण होतं, बापाच्या पायांच्या भेगा होत्या. माझ्या मते दगडाला पाझर फुटावा असं ते लिहिलेलं आहे. माणिकरावांचा कागद घामानं विरघळला, म्हणून आम्ही सगळे बाहेर लिंबाखाली चहाला गेलो. बंद करायला लाल बटण दाबायचं राहून गेलं. तुम्ही निवडलेल्या मशीनचा दिवा मुंगीच्या डोळ्याएवढा आहे, हेही नमूद करतो.

दुसऱ्या दिवशी इअरफोन घालून ऐकायला बसलो. भाषण झालं, आम्ही बाहेर पडल्याचं ऐकू आलं, मग गोधड्या उतरवल्याचा आवाज आला. कुसुम आणि शेजारच्या नर्मदाबाई आत आल्या होत्या. नर्मदाबाईंनी विचारलं, भाऊजींचं नाटक कसं हाय. आणि कुसुम, जिनं आजवर माझ्या प्रत्येक श्रुतिकेला ‘चांगली हाय’ यापलीकडे अक्षर उच्चारलेलं नाही, ती म्हणाली:

“गाडी सुटायलीय अन् ही भाषण करायलीय. गाडी काय हिच्या बापाची हाय व्हय?”

नर्मदाबाई खिदळल्या. मला वाटलं एवढ्यावर थांबेल. पण कुसुमनं तिला करून दाखवायला घेतलं. ती वालूरहून लग्न होऊन निघाली तेव्हा सेलूच्या स्टेशनवर काय झालं ते. नवरी तीच झाली, बापही तीच, गाडीही तीच. बाप खिडकीखाली उभा आहे, पण लेकीकडे बघत नाही, डब्याच्या चाकाकडे बघतोय, हे तिनं आधीच सांगून घेतलं.

“पाण्याचा तांब्या घेतला का?”

“घेतला, दादा.”

मग बराच वेळ काहीच नाही.

“झाकण नीट बसतंय का त्याचं?”

“बसतंय.”

मग तिनं तोंडानं गाडी हलवली. आधी अगदी हळू, मग जराशी जोरात. आणि त्या गाडीच्या आवाजातूनच म्हणाली, “दादा, तुमी उन्हात थांबू नका.” संपलं. त्यानंतर नर्मदाबाईंनी नाक ओढलेलं तुमच्या बत्तीस बिटांनी अगदी स्पष्ट टिपलं आहे.

जावईबापू, त्या डब्यात मी होतो. नवरदेवच होतो. तांब्याचं असं कोणतंही बोलणं झालेलं नाही, हे मी चार लोकांत सांगायला तयार आहे. मी त्या वेळी वऱ्हाडाच्या पेट्या बाकाखाली नीट लागल्या का ते बघत होतो, आणि ते लय बारकाईचं काम असतं. मी तडक स्वयंपाकघरात गेलो आणि विचारलं, की इतकी वर्षं चांगली हाय, चांगली हाय म्हणत होतीस ते काय होतं.

“तुमी इचारायचे तव्हा तुमच्या तोंडाकडं बघून म्हणायचे,” ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.

त्या दिवशी मी जेवलो नाही. (संध्याकाळी जेवलो. भूक आणि इभ्रत यांचं एका ताटात जमत नाही.) बीपीची गोळी तेव्हापासून वाढली आहे.

पुढचं ऐका. तो तुकडा मी पुसणारच होतो, पण पुसायचं कसं हे तुमच्या मशीनच्या मेनूत सापडेना, आणि तेवढ्यात सत्यशीलाबाईंनी आपलं भाषण ऐकायला म्हणून इअरफोन घातले. भाषण संपलं तरी त्या काढीनात. काढले तेव्हा आपली दोन पानं नीट घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या की तात्या, हे मी बोलणार नाही, कुसुमबाईंचं आहे तेच लावा. माणिकराव लगेच हो म्हणाले, कारण त्यांचं पाठांतर झालेलंच नव्हतं. मंडळाची बैठक बसली आणि लेखक सोडून सगळ्यांचं एकमत झालं.

परभणीच्या मेळाव्यात ‘निरोप’ लागली. बाजार नाही, इंजिन नाही, भाषण नाही. कुसुमच्या तोंडची गाडी निघून गेली आणि सभागृहात कुणी टाळी वाजवेना. पडली, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, जरा बरं वाटलं. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. माझ्या पुढच्या रांगेतला एक चांगला आडदांड माणूस चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसला होता. मला लेखक म्हणून वर बोलावलं, शाल घातली, आणि अध्यक्ष म्हणाले की या लेखकाला काय लिहू नये हे कळतं. माझी दोन पानं तेव्हा माझ्या खिशात होती. मी माइक ओढून स्वच्छ सांगितलं की यातला एकही शब्द माझा नाही, हे सगळं माझ्या बायकोचं आहे. लोकांना तो माझा विनय वाटला. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आणि जिचं ते होतं ती दाराशी वाकून आपल्या चपला शोधत होती, कारण पूर्णेची गाडी चुकेल अशी तिला भीती.

तेव्हा सिद्धोधनराव, तुमची निवड चुकली, हे मी लेखी कळवतो. तुम्ही वारं विचारलं, भोकं विचारली, बिट विचारले. घरात कोण कोण असतं, हे तेवढं विचारलं नाही.

चूकभूल माफ करायची ती तुम्हीच, कारण वयानं मी मोठा असलो तरी मान तुमचा मोठा आहे. सुकेशनीला आशीर्वाद.

आपला,
तात्याराव

ता. क. – एवढं वाचून रेकॉर्डर परत येईल असं समजू नये. तो माझ्या ताब्यात नाही. कुसुम आणि नर्मदाबाई दुपारी तो घेऊन गल्लीतल्या बायांकडे जातात आणि सासरी निघताना कोण काय बोललं ते विचारतात. बाया सांगतात. मला कधी कुणी काही सांगितलं नाही.

दुसरा ता. क. – पत्राचं मुख्य काम राहिलंच. आणखी एक रेकॉर्डर पाठवावा. अगदी हाच. व्हिडिओ पाठवू नयेत. मी नवीन श्रुतिका लिहायला घेतली आहे, त्यात एका बाईचं मोठं काम आहे, तिला फार बोलायला लावणार नाही. हे कुसुमला कळू देऊ नये.

तिसरा ता. क. – जावईबापू, कुसुमबाईचा जय भीम. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडंच दिलं, म्हणून वाचलं. ह्यांचा राग मनावर घेऊ नका, नाक लाल झालं की उतरतोय. दुसरं मशीन मातर धाडू नका. आता कसं हाय, कानात घालायची वायर एकच हाय, तिचं एक बोंड ह्यांच्या कानात अन् एक माझ्या, म्हणून दुपारी भरून आणलेलं ऐकायला सांजच्याला दोघं एका बाजेवर बसायलोत. माझं एवढं बोलणं ह्यांनी गप बसून ऐकलेलं मी पहिल्यांदाच बघायले.