कढीपत्त्याच्या डहाळ्या

२६ सप्टेंबर
कढीपत्त्यावर पाखरांनी घाण केलीय म्हणून पुसायला गेलो, तर घाण चालायला लागली! अळ्या! चांगल्या पाच-सहा. कोवळा पाला फस्त केलाय मेल्यांनी. सगुणा मुंबईला लेकीकडे, दिशाकडे जाताना बजावून गेली होती — "एक वेळ जेवला नाहीत तरी चालेल, माझं झाड सांभाळा." शेजारचा काशीराम म्हणाला, उद्या औषध मारून टाकू.

२७ सप्टेंबर
दिशा अजून तशीच. सहाव्या महिन्यात बाळ गेलं तिचं. तेव्हापासून पोर खोलीबाहेर येत नाही, खिडकीसुद्धा उघडू देत नाही. सगुणा रोज तिच्या कानाला फोन लावते. मी काय बोलणार? जन्म बोटीवर गेला माझा, असलं बोलणं मला जमत नाही. जेवलीस का, एवढंच. आज तेही विचारून झालं, म्हणून अळ्यांचं सांगितलं. तर म्हणाली, "मारू नका हां, बाबा."

काशीराम पंप घेऊन आला होता, त्याला परत पाठवला. म्हणाला, "डोकं फिरलं काय रे तुझं?" फिरू दे!

३ ऑक्टोबर
हिरव्यागार झाल्यात. खातात काय, पंगतीला बसल्यासारख्या! एकीला काडीने डिवचली तर डोक्यातनं लाल शिंगं काढली — आणि वास! दिशाला सांगितलं तर म्हणते, "तुम्ही कशाला तिच्या वाटेला जाता?" ओरडली मला! किती दिवसांनी ओरडली! दुपारी दोन घास जास्त जेवलो.

संध्याकाळी तिचाच मेसेज. लिंबाळी नावाचं फुलपाखरू होणार म्हणे.

८ ऑक्टोबर
बाकीच्या दिसत नाहीत. बुलबुलाची जोडी कुंपणावर बसलेली असते — समजायचं ते समजलो. एकच उरलीय. खालच्या डहाळीला, कमरेला दोरा बांधून लटकली होती. आज बघतो तर कोष. पानासारखाच हिरवा. दिशा रोज विचारते, "आहे ना?" आहे, म्हणतो. मलाही बरं वाटतं.

१२ ऑक्टोबर
सगुणाचा हुकूम — नारळ, आमसुलं, सुके बांगडे नि कढीपत्ता संध्याकाळच्या गाडीला घाला. "इथल्या पाल्याला वास म्हणून नाही." लाईट गेलेली, गाडीची वेळ झालेली, चष्मा सापडेना. हाताला लागल्या तेवढ्या डहाळ्या मोडल्या, कागदात गुंडाळल्या, खोकं क्लीनरच्या हवाली केलं.

१३ ऑक्टोबर
खालची डहाळी नाही! मीच मोडली! मीच गाडीत घातली!

सगुणाला आडून विचारलं, पाला पोचला का? "पोचला की. निवडायला दिशा बसली माझ्याबरोबर, बाहेर आली आज! पाला डब्यात भरला, काड्या केरात." आनंद करू की कपाळ बडवून घेऊ?

मग दिशा फोनवर आली. "आहे ना?"

आहे, म्हटलं. तिचं एक बाळ गेलंय. आता हेही गेलं, असं कुठल्या तोंडाने सांगू?

१५ ऑक्टोबर
आजही, आहे म्हणालो. नुसतं "हं" म्हणाली. कळलं की काय हिला?

१६ ऑक्टोबर
सगुणाचा फोन वाजला, मी उचललाच नाही.

१८ ऑक्टोबर
सकाळी फोन. सगुणा असेल म्हणून घेतला तर दिशा! स्वतःहून! "बाबा, आहे ना?" आता मात्र राहवेना. म्हटलं, "नाही गो बाय. माझ्याच हातनं गेला तो." तर हसायला लागली! "माझ्याकडे आहे तो. पाला निवडताना दिसला, डहाळी उशाशी घेऊन ठेवली. आईला पण सांगितलं नाही. आत्ता बाहेर आलंय बघा. पंख वाळवतंय." मग तिकडून खिडकी सरकवल्याचा आवाज आला.