अकराव्या विषयाला लागलेली डुलकी

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि आता पलंगावरून भिंतीवरचं घड्याळ चष्म्याशिवाय दिसतं, हे वाचून जीव भांड्यात पडला. (तुमचे बंधू म्हणाले, म्हणजे आता आपल्याकडे आल्यावर ताईला कोपऱ्यातली जळमटंही दिसणार, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी आपणहून झाडू हातात घेतला. तेव्हा ऑपरेशनचा गुण दोन्ही घरांना आला म्हणायचा.) गुडघा कसा आहे? जिना एका दमात चढत जाऊ नका. माझं मागचं पत्र तुम्ही ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत पाठवलंत, तेही पोचलं. तीस वर्षं मुख्याध्यापिका असलेल्या नणंदेला पत्र लिहायचं म्हणजे पेपर सोडवल्यासारखंच आहे, पण आता सवय झाली. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे गेल्या मंगळवारपासून ठीक आहे. त्याआधीचे चार आठवडे कसे गेले, ते तुमच्याशिवाय सांगू तरी कोणाला?

नगरपालिकेत मी नेमकं काय करते, असं तुम्ही एकदा विचारलं होतंत आणि तुमचे बंधू मध्येच म्हणाले होते, 'ती बसते.' ते तसं खोटं नाही. महिन्यातून एकदा नगरसेवकांची सभा भरते, तेव्हा व्यासपीठाखालच्या छोट्या टेबलाशी मी बसते आणि कोण काय बोललं, शेवटी काय ठरलं, ते टिपून घेते. मग त्याचं इतिवृत्त लिहिते. पुढच्या सभेत ते वाचून कायम केलं की झालं. एकदा कायम झालं की तेच खरं. सभेत एखादा टेबलावर चढून नाचला आणि इतिवृत्तात त्याचा उल्लेख नसला, तर तो नाचला नाही. बावीस वर्षं मी हे काम करतेय आणि आजवर माझ्या लिखाणावर कोणी बोट ठेवलेलं नाही. (कोणी वाचत नाही, हे एक कारण. पण एकच.)

तर मागच्या महिन्याची सभा. विषयपत्रिकेवर चौदा विषय. जेवणं उरकून सगळे बसलेले, पंखे मंद, खिडक्यांना जाड पडदे. नववा विषय गतिरोधकांचा निघाला. आमच्याकडे एक नगरसेवक आहेत, ते गेली तीन वर्षं आपल्या घरासमोरच्या रस्त्यावर गतिरोधक मागताहेत, म्हणून कचेरीत त्यांचं नावच गतिरोधक पडलंय. (गाडी चांगली चाललेली असली की ते उभे राहतात, हेही आहेच.) ते पाऊण तास बोलले. मग त्यांच्या शेजारच्या वॉर्डातल्या बाई तेवढाच वेळ बोलल्या, की गतिरोधक हवाच, पण त्यांच्या घरापलीकडे. दहावा विषय रस्त्यावरचे दिवे किती वाजता लावावेत हा. त्यातलं 'सूर्यास्तानंतर' एवढं मी लिहिलेलं मला आठवतं. त्यानंतर थेट बाराव्या विषयाचं वाचन ऐकू आलं. वन्सं, मधला अकरावा विषय माझ्या आयुष्यात झालाच नाही. वहीत पाहिलं तर 'विषय ११' असं ठळक लिहून खाली पेनाची एक रेघ घसरत घसरत पानाबाहेर गेलेली, आणि तिच्या टोकाशी, माझ्याच अक्षरात, 'बटाटे सोलून ठेव' असं लिहिलेलं.

तुम्ही म्हणाल, ध्वनिमुद्रण असेल ना. यंत्र आहे, पण ते दीड वर्षापूर्वी बिघडलं. त्याच्या दुरुस्तीचा विषय दर सभेला शेवटी असतो आणि दर सभेला वेळेअभावी पुढे ढकलला जातो. ते पुढे ढकलल्याचं मीच लिहिते.

आणि अकरावा विषय दिव्यांचा किंवा खड्ड्यांचा असता तर मी काहीतरी गुळमुळीत लिहून सुटले असते. तो होता पाळणाघराचा. भाजी मंडईच्या मागे नगरपालिकेची एक लांबट खोली आहे. तिथे भाजीवाल्या बायका सकाळी आपली पोरं सोडून जातात. एकोणीस मुलं आहेत आणि त्यांना सांभाळणाऱ्या एकच बाई. खोलीत गेलात तर दुधाचा आणि ओल्या दुपट्यांचा वास येतो, आणि कोणीतरी रडत असतं, पण आळीपाळीने. आमच्या पाणीखात्याच्या इंजिनिअरला ही खोली जुनी मीटरं ठेवायला हवी होती. पाळणाघर बंद करावं की चालू ठेवावं, एवढाच तो विषय. आणि काय ठरलं ते जिला माहीत असायला हवं ती एकमेव बाई बटाट्यांच्या विचारात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच इंजिनिअर माझ्या टेबलाशी हजर. म्हणाले, ठराव मंजूर झालाय, प्रत द्या. मी म्हटलं, इतिवृत्त अजून लिहायचंय. म्हणाले, लिहा सावकाश, मी रॅक पाठवून देतो. आणि खरंच त्यांनी दोन लोखंडी रॅक पाळणाघराच्या ओसरीवर आणून टाकले. मी दुपारी तिकडून गेले तर पोरांनी त्यांवर आपले डबे आणि टोप्या ओळीने मांडलेल्या. पाळणाघराच्या बाई मला पाहून बाहेर आल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही, तो परवडला असता. हळूच विचारलं, "बाई, तुम्ही होतात ना तिथे? खरंच बंद करायचं ठरलंय?" मी म्हटलं, कागद तयार व्हायचाय. त्या म्हणाल्या, "कागदाचं नाही विचारत. तुम्ही ऐकलंत का, ते विचारतेय." मी घड्याळ पाहिलं आणि सटकले. वन्सं, असं तोंड लपवून मी आयुष्यात कधी चालले नव्हते.

मग आडून आडून माहिती काढायची ठरवलं. गतिरोधकांना गाठलं आणि विचारलं, अकराव्या विषयावरचं आपलं भाषण शब्दशः घेऊ की सारांश? ते खूश होऊन म्हणाले, "शब्दशः घ्या. मी फार पोटतिडकीने बोललो." मी विचारलं, बाजूने की विरोधात? तर म्हणाले, "ते तुम्ही लिहिलं असेलच ना." (नंतर शिपायाकडून कळलं की ते त्या वेळी बाहेर पायरीवर फोनवर बोलत होते. तेही पोटतिडकीने.) मग नियमआजोबांकडे गेले. हे सभागृहातले सर्वांत जुने सभासद, कायम काखेत नियमांचं पुस्तक. त्यांना आपण हरकत घेतल्याचं पक्कं आठवत होतं, फक्त कशाला ते आठवेना. आणखी चौघांना विचारलं. कोणी म्हणालं 'झालं ते योग्यच झालं', कोणी म्हणालं 'जे झालं ते वाईट झालं', आणि काय झालं हे चौघांपैकी कोणालाच सांगता येईना.

घरी हा विषय काढला तर तुमचे बंधू वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "चालू ठेवायचं ठरलं असं लिहून टाक. कोणाला कळतंय?" खरं सांगते, मी लिहिलं. रविवारी सकाळी ओट्याशी उभी राहून लिहिलं. मग भीती वाटून बंद करण्याचंही लिहिलं. दोन्ही कागद वाचून पाहिले, तर दोन्ही शंभर टक्के खरे वाटत होते. बावीस वर्षांत मी या माणसांना इतकं ऐकलंय की त्यांच्याशिवायही त्यांची सभा भरवू शकते. कोण कुठे खाकरेल तेसुद्धा मला येतं. एक कागद पर्सच्या या कप्प्यात, दुसरा त्या कप्प्यात, आणि मी मध्ये, असे चार दिवस काढले. जेवण जाईना. एकदा आमटीत मीठ दोनदा घातलं आणि तुमच्या बंधूंनी न बोलता खाल्लं, त्यावरून ओळखा माझा चेहरा कसा असेल.

शेवटी नगराध्यक्षांना सांगायचं ठरवलं. आमच्या नगराध्यक्षा दातांच्या डॉक्टर. कचेरीत त्यांच्याभोवती सतत दहा माणसं, एकटं गाठायचं तर दवाखान्यातच. म्हणून मी रीतसर नंबर लावला. खुर्चीत बसले, तोंड उघडलं ते बोलायला, आणि त्यांनी आत आरसा घातला. म्हणाल्या, उजवी दाढ किडलीय. मी तसल्या अवस्थेत निम्मी कबुली दिली. त्यांना वाटलं, दुखतंय. त्यांनी सुई टोचली आणि गाल बधिर झाला. शेवटी मी पर्समधून दोन्ही कागद काढून त्यांच्या हातात दिले आणि सुजल्या जिभेने म्हटलं, "यातला खरा कोणता ते मला माहीत नाही. मला झोप लागली होती."

त्यांनी मास्क खाली केला. दोन्ही कागद वाचले. मग फिरत्या स्टुलावर बसून हातमोजे काढले. म्हणाल्या, "तुम्हालाही?"

वन्सं, त्यांनाही लागली होती. त्या डोळे उघडे ठेवून झोपतात. कॉलेजात रात्रपाळ्या करताना शिकल्या म्हणे. झोपेत कानावर शांतता पडली की त्यांच्या तोंडून आपोआप 'सर्वानुमते' निघतं आणि त्या आवाजाने त्यांनाच जाग येते. त्या दिवशी इंजिनिअरांनी प्रस्ताव वाचला, कोणी काही बोललं नाही, कारण ऐकायलाच कोणी नव्हतं, आणि झोपेतच सर्वानुमते एकोणीस मुलांची खोली गेली. मी म्हटलं, आता? त्या म्हणाल्या, "आता दाढ भरू. आणि मंगळवारी खरं काय ते सांगू. दोघींनी."

मंगळवारी सभागृह भरलेलं. मागच्या बाकांवर पाळणाघराच्या बाई आणि सात-आठ भाजीवाल्या, मांडीवर पोरं. इतिवृत्ताचं वाचन आलं तेव्हा मी उभी राहिले. बावीस वर्षांत त्या सभागृहात माझा आवाज कोणी ऐकला नव्हता. मलाच तो परका वाटला. सांगितलं, की अकराव्या विषयाची नोंद माझ्याकडे नाही, कारण मी झोपले होते. पाठोपाठ नगराध्यक्षांनी आपलंही सांगितलं. नियमआजोबांनी पुस्तक उघडलं. लिपिकाने झोपू नये असा नियम सापडला नाही. लिपिकाने बोलू नये असा मात्र सापडला. तो त्यांनी मोठ्याने वाचला आणि पुस्तक मिटून म्हणाले, "पण बोलली ते बरं झालं. मलाही काही आठवत नव्हतं." मग एकेक जण खाली बघू लागला. गतिरोधक तर पेनाचं टोपण काढत-घालत राहिले.

विषय पुन्हा घेतला. इंजिनिअर वाईट माणूस नाही हो. मीटरं उघड्यावर गंजताहेत, हे त्यांचं खरंच होतं. आजोबांनी त्यांना विचारलं, "ही मीटरं दिवसा एकटी राहतात का?" इंजिनिअर म्हणाले, राहतात. "भूक लागली की रडतात?" नाही म्हणाले. "मग त्यांना टाकीखालच्या शेडमध्ये ठेवा." मागच्या बाकावर एक पोर त्याच क्षणी रडायला लागलं आणि त्याची आई त्याला बाहेर न्यायला उठली. नगराध्यक्षा म्हणाल्या, बसा, त्याचाच विषय चाललाय. हात वर करून मतं घेतली, दोनदा मोजली. बारा विरुद्ध पाच. पाळणाघर चालू. मी प्रत्येक हात लिहून घेतला. पाळणाघराच्या बाई जाताना माझ्या टेबलाशी थांबल्या आणि एवढंच म्हणाल्या, "या वेळी ऐकलंत ना?" मी मान हलवली. वही फिरवून सगळे हात त्यांना दाखवले.

मला लेखी समज मिळाली. ती टाईप करून, आवक क्रमांक घालून, माझ्याच फायलीत मीच लावली, कारण ते काम माझ्याकडेच आहे. घरी आले, दोन वेळचं एकदम जेवले आणि दुपारी चार ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत झोपले, बिनघोर आणि अधिकृतपणे. वन्सं, यापुढे इतिवृत्तात जे घडलं नाही ते एक अक्षरही लिहायचं नाही आणि कोणाच्या वतीने काही बोलायचं नाही, अशी मी गाठ मारली आहे. तुमचे बंधू तुमची आठवण काढतात. तब्येतीला जपा, थेंब वेळेवर घाला.

तुमची भावजय

ता. क. एक सांगायचं राहिलं. पाळणाघर चालू ठेवताना सभेने एक अट घातली: देखरेखीसाठी कोणीतरी निवृत्त, शिस्तीचं, शाळेचा अनुभव असलेलं माणूस मानद म्हणून नेमावं. नगराध्यक्षांनी विचारलं, आहे का कोणी? सगळे गप्प. ती शांतता वाढत चालली आणि नगराध्यक्षांचे डोळे मला जरा जास्तच उघडे दिसायला लागले. म्हणून माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं. सर्वानुमते मंजूर झालं. या वेळी सगळे जागे होते, मी खात्री करून घेतली.

ता. क. दुसरा. पहिल्या तारखेपासून यायचं आहे. मागची खोली झाडून ठेवली आहे. तुमच्या बंधूंना यातलं काही माहीत नाही. ताई चार दिवसांसाठी येतेय एवढंच त्यांना सांगितलंय. तेव्हा आपणहून जास्त राहावंसं वाटलं, असं तुम्हीच आल्यावर म्हणा. तुमचं ते ऐकतात.

ता. क. तिसरा. नकार द्यायचा असेल तर अवश्य द्या, माझी काही हरकत नाही. फक्त घाईचं काम म्हणून तो ठराव त्याच सभेत कायम झाला आहे, त्यामुळे तुमचा नकार पुढच्या सभेत विषय म्हणून घ्यावा लागेल. विषयपत्रिका मीच तयार करते. तो शेवटचा घालीन, ध्वनिमुद्रण यंत्राच्या खाली.