मुठीतली माती

पाळकसाहेब,

दादा म्हणायला आज जीभ रेटत नाही. काल माझ्या लेकीला मातीआड करताना तू म्हणालास, "देवाची योजना माणसाच्या बुद्धीपलीकडची आहे." मला ते पटलं. तिथंच तोंड मिटलं असतंस, तर तुझ्या गळ्यात पडून रडले असते. पण लगेच तू सगळ्यांना समजावून सांगितलंस, की माझा विश्वास पारखायला देवानं तिला नेलं. अरे, बुद्धीपलीकडची ना? मग तुला कशी कळली? तुझ्या कानात सांगून गेला का तो?

सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. माझी मूठ उघडेना. बायकांना वाटलं, बिचारीचं काळीज तुटतंय. मला मात्र धास्ती होती, की मूठ उघडली तर ती माती तुझ्या पांढऱ्या झग्यावर फेकेन.

हे पत्र मी पाठवणार नाही; तू त्याच्यावरही प्रवचन झोडशील. रविवारी चर्चमध्ये येईन, पहिल्या बाकावर बसेन. माझं भांडण देवाशी आहे, तू मध्ये पडू नकोस. त्याला सगळं ठाऊक असून तो गप्प बसलाय.

तुझी,
धाकटी