मोहाच्या बुडाची माती

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमच्यावर राग धरून बसले आहे. तो उतरत नाही, म्हणून लिहिते. तुम्ही किन्हीराजाकडच्या जंगलात वनरक्षक होतात. संध्याकाळी आईच्या चुलीचा धूर घरभर व्हायचा, मी डोळे चोळायची, आणि तुम्ही भाकर मोडता मोडता म्हणायचात, "रडू नको माय. हा सारा धूर जंगल पिऊन घेते अन् मातीत पुरून ठेवते. मातीत गेलं ते कुठी जात नाही." तुमचा शब्द म्हणजे माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. एकदा मी पळसाचं रोपटं उकरून मुळं पाहत बसले, तर केवढे खेकसलात! "काहून उकरून राह्यली? मूळ कोनाचं उघडं पाडू नये."

आता मुळं उघडी पाडणं हीच माझी नोकरी आहे. त्याच जंगलात खड्डे खणून आम्ही माती तपासतो. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, तशी झाडं जोमात आहेत, मुळं पार खोल पसरलीत. आधी मी हरखलेच. पण एवढ्या वाढीला खाऊही तेवढाच लागतो. मग मुळं आपला गोड रस मातीतल्या जिवाणूंना पाजतात, ते वर्षानुवर्षांचा कुजलेला पाला फोडून मुळांना खाऊ देतात, आणि त्यात पुरलेला कार्बन पुन्हा हवेत निघून जातो. वर झाड गच्च, खाली माती रिती होत चाललेली. मातीत गेलेलंही जातं, बाबा.

तुम्ही मला फसवलंत. दुसरा शब्दच सुचत नाही. शेवटच्या आजारात तुम्हीच म्हणालात, "मले नदीत नका सोडू. झाडाच्या बुडी टाका, तिथंच राहीन मी." तुमच्या त्या भरवशावर आम्ही जंगलात खड्डा केला, राख टाकली, वर मोहाचं रोप लावलं, त्रिशरण-पंचशील म्हटलं. आई अजून दर पुण्यतिथीला त्या मोहाखाली बसून तुमच्याशी बोलते. घरातलं सगळं सांगते. तिला मी काय सांगू? हे पत्रसुद्धा तिच्या हाती लागू देणार नाही.

परवा नव्या खड्ड्याची जागा नेमकी तुमच्या मोहापाशी आली. मजुरानं कुदळ उचललीही होती. मी साहेबांना म्हणाले, "तिथं खडक लागते, सर." त्यांनी जागा बदलली. तिथं खडक नाही, बाबा. तुमच्या राखेचा खड्डा मीच खणला होता.