मुंगीएवढे आयकॉन

३ तारीख, सोमवार
नवे मॉनिटर आले. रेझोल्यूशन इतकं बारीक, की आमच्या जुन्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरचे आयकॉन मुंगीएवढे दिसतात. कपाटांचे नकाशे काढणारं अख्खं ऑफिस पडद्याला नाक लावून बसलंय. सीनियर ड्राफ्ट्समन आप्पांचं तर खरंच टेकलं. काचेवर तेलकट ठिपका. शी!

साहेबांना म्हटलं, मी दुरुस्त करते. माझी उमेदवारी या आठवड्यात संपते. ते म्हणाले, जमलं तर कायम करतो.

घरी सांगून टाकलं की कायम झाले. होणारच आहे, उगाच ताटकळत का ठेवायचं? घरातली पहिली ग्रॅज्युएट. बाबा हातातलं वेल्डिंग टाकून शेजारी सांगायला गेले.

४ तारीख
विंडोजचं स्केलिंग तिप्पट केलं. घड्याळ फुगलं, मेसेज फुगले, आयकॉन मुंगीएवढेच. सासूबाई महिनाभर राहायला येणार, हे साहेबांच्या पडद्यावर दारातून वाचता येत होतं. सगळे फिदीफिदी हसले. काय ही पातळी! माणसं सुधारल्याशिवाय टेक्नॉलॉजी काय करणार?

५ तारीख, दुपार
जमलं! सॉफ्टवेअरच्या प्रॉपर्टीजमध्ये एक सेटिंग सापडलं. आयकॉन टपोरे झाले. जरा धूसर आहेत, आरशावर वाफ धरल्यासारखे. आप्पा म्हणाले, पोरी, मला सगळं दोन दोन दिसतंय. मी म्हटलं, डोळे तपासा. वयाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांची मला चीड येते.

संकल्प : कायम झाल्यावर सगळ्यांना कॉम्प्युटर शिकवायचा.

६ तारीख
आप्पा नवा चष्मा करून आले. तरी धूसरच. आता चष्म्यातून जिनाही हलतो म्हणे. नाइलाजाने सेटिंग परत फिरवलं. चित्र लख्ख, आयकॉन पुन्हा मुंग्या. आप्पा चष्मा हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. अशा नजरेने प्रगती थांबत नसते.

७ तारीख
सेव्हच्या शेजारी नकाशा उलटा फिरवायचा आयकॉन आहे. काल आप्पांनी सेव्ह समजून तो दाबला, मग खाली सही ठोकली. वर्कशॉपने इमानदारीत रातोरात तसंच कपाट बनवलं. गिऱ्हाइकाच्या घरी ते भिंतीकडे उघडतंय. वाकून हात घातला तर एक हँगर मिळतो, असं सुताराने फोनवर कळवलं. साहेब माझ्यावर खेकसले. बटण दाबलं कोणी, बोलणी कोणाला! वीट आला या अडाणीपणाचा.

८ तारीख, शनिवार
साहेबांनी माळ्यावरून जुने मॉनिटर काढले. आयकॉन बोराएवढे. आप्पांनी जुना चष्मा लावला. सगळे निर्लज्जासारखे खूश.

साहेबांनी मला कायम केलं. पण बाहेरच्या टेबलावर, आल्यागेल्याची विचारपूस करायला. एक नवा मॉनिटर तिथेच ठेवलाय. त्यावर सकाळपासून एकच शब्द आहे.

संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाबा लेकीचं ऑफिस बघायला आले. पडद्यासमोर उभे राहून बोट फिरवत त्यांनी ‘सुस्वागतम्’ वाचलं. मग म्हणाले, अक्षरं छान मोठी केलीस गं. लांबून दिसतात.

मी म्हटलं, हो बाबा. तेच तर माझं काम.