साखर किती?

दिनांक २१ ऑगस्ट

विधिशास्त्रविशारद, दुर्बलपक्षपालक आणि छत्री विसरण्यात अद्वितीय अशा चि. चिमणीस काकाचे सविस्तर आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. माझे गुडघे, तुझ्या काकूचे माझ्याविषयीचे मत आणि स्वयंपाकघरातला गळका नळ, तिन्ही पूर्ववत. तुझे बाबाही बरे आहेत. त्याविषयी पुढे.

तुझ्या फेलोशिपची वार्ता मी कचेरीत परम संयमाने, म्हणजे केवळ दोनच मजल्यांवर प्रसृत केली. ‘मनोरुग्ण व दिव्यांगांच्या हक्कांसाठी वर्षभर लढणार’ म्हटल्यावर वरिष्ठांनी विचारले, "म्हणजे नक्की काय करणार?" मलाही ठाऊक नव्हते. म्हणून गुरुवारी सहज न्यायालयात आलो. सहज, म्हणजे रजा टाकून. शेवटच्या बाकावर, खांबाआड होतो.

तुझ्या पक्षकार बाईंना मनोरुग्णालयातून सोडावे की नाही, हे न्यायमूर्ती त्यांच्या भावाला विचारीत होते. तू उठलीस. कोटाला असंख्य सुरकुत्या, आवाजाला एकही नाही. "साहेब, त्या इथेच बसल्या आहेत. त्यांनाच विचारावं."

विचारले. बाई म्हणाल्या, "मला माझ्या घरी जायचंय."

माझी छाती अशी विस्तारली की शेजारचा पक्षकार सरकून बसला.

घरी आलो तर काकू चहा करीत होती. ‘दादाला बिनसाखरेचा’ हे माझे वाक्य एकोणीस वर्षांचे. तुझे बाबा मनाने आजारी पडल्यापासून त्यांच्या वतीने मीच बोलतो. तेच वाक्य ओठांवर आले आणि अडले. विचारले, "दादा, साखर किती?"

त्याने वर्तमानपत्र खाली ठेवले. "दोन चमचे. पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"विचारलंस कधी?"

चिमणे, माझ्या खणात तुला न सांगितलेला एक कागद होता: दादाला कायमचे निवासी केंद्रात ठेवण्याचा अर्ज. सोमवारी द्यायचा होता. ‘रुग्णाची इच्छा’ या रकान्यात ‘आहे’ असे सुवाच्य अक्षरात मीच लिहिले होते. मी थकलो आहे, यासाठी रकाना नव्हता.

तो कागद दादापुढे ठेवला. त्याने सावकाश वाचला, ‘आहे’ खोडून ‘नाही’ लिहिले. मग म्हणाला, "थकलास?"

"हो."

"मग सांगावं. उद्यापासून भाजी मी आणतो."

आज आणली. अर्धी भेंडी निबर होती. मी मौन पाळले, काकूने पाळले नाही.

एकोणीस वर्षांच्या बिनसनदी वकिलीतून सन्मानपूर्वक निवृत्त,
तुझा काका

ता. क. पुढील मजकूर ज्याचा त्याने लिहिला आहे.

चिमणे, काका म्हणतो कोट चुरगळला होता. घेऊन ये. इस्त्री मी करीन.
बाबा