मिती चौथी

तीर्थस्वरूप भरतदादा यांस,

कमलाकरचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता किती अंशांत वळतो? वहिनींचा खोकला, परसातला हापूस, सगळं ठीक असावं. तुमची बहीण ललिता माहेरपणाला चिपळूणला आली, ते बरंच झालं. तिला विश्रांती हवीच होती. मी इथे अगदी मजेत आहे.

माझं काम तुम्ही जाणताच. ज्यांची प्रत्येक पाकळी, म्हणजे पृष्ठ, समभुज आणि समकोन, आणि ज्यांच्या अंगाला कुठेही खड्डा नाही, अशा आकृतींची वर्गवारी लावायची (कळंबोलीचा रस्ता इथेच बाद). तीन मितींतलं काम लोकांनी कधीच उरकलं. चौथ्या मितीत मात्र एकाच आकृतीची टोकं छाटत गेलं तरी एकतीस कोटींच्या वर नग निघतात, आणि यादी अजून अपुरीच आहे. निवृत्त माणसाने हे हाती घ्यायचं नाही तर कोणी? म्हणून सोसायटीच्या फलकावर ऐटीत लिहिलं: ‘रविवारी सायंकाळी, मिती चौथी. वक्ते: कमलाकर.’

आता आमच्या सोसायटीने मिती पाहिलेली ती फक्त लग्नपत्रिकेत. सगळ्यांनी चतुर्थी धरली. (कॅलेंडरात सप्तमी होती, पण काकांचं पंचांग वेगळं असेल, असं सेक्रेटरी समीक्षाने परस्पर ठरवून टाकलं.) मोरा बंदरातून मासळी आणणारी रंभा सकाळीच दारात येऊन म्हणाली, “तुमचे चौथीपायी माजा मावरा कुनी घेतला नाय.”

संध्याकाळी हॉल भरला, दूर्वा-जास्वंदीसकट. मी छाटणी समजावत होतो आणि उपाशी मंडळी चंद्रोदयाची वेळ विचारत होती. शेवटी ललितानेच माझी लाज राखली. घामाघूम होऊन सगळ्यांपुरते उकडीचे मोदक केले आणि पहिला माझ्या हातावर ठेवला. मी तो फिरवून पाहिला आणि व्याख्यानाच्या भरात माइकवरच बोलून गेलो, “पाकळ्या सारख्या नाहीत. वर्गवारीतून बाद.”

हॉल हसला. ती हसली नाही. (विश्रांतीची गरज तिला तेव्हापासूनच वाटू लागली असावी.) बाकी सर्व क्षेम.

आपला,
कमलाकर

ता. क. दादा, घर खायला उठतं. काल मीच मोदक करायला बसलो, तर एकही पाकळी पडली नाही. मी चुकलो, तिला सांगा. मोदक ही स्वतंत्र जात म्हणून यादीत सर्वांत वर घातली आहे. तेवढं तिला पनवेलच्या गाडीत बसवून द्या.

आणखी एक ता. क. खरं तर मोदक टोकाशी आत वळतो, म्हणजे खड्डा आलाच, म्हणजे तो दोन्ही अटींवर बाद. हे मात्र ती पनवेलला उतरेपर्यंत तिच्या कानावर घालू नका.